जिना उतरताना पोरगी का थांबते, ते आधी बघूया

दादा, प्रश्न नीट लिहिलाय तुम्ही, त्यातल्या बारीकसारीक गोष्टींवरूनच बरंच कळतंय. बाकीच्या आईवडिलांना पण समजावं म्हणून थोडक्यात परत लिहिते. मुलगी सात वर्षांची, बौद्धिक अक्षमता माइल्ड ते मॉडरेट असं लिहून मिळालंय, राहायला कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, घरी मराठी. जिना चढते पण उतरताना मधेच थांबून रडते, फ्रॉकचं बटण लावता येत नाही, आणि डोक्याला फणी लावली की घर डोक्यावर घेते. कॅम्पमध्ये दहा मिनिटं बघून कागदावर 'मोटर स्किल्स पुअर, सेन्सरी इश्यू', म्हणजे हातापायाच्या हालचाली कच्च्या आणि इंद्रियांच्या जाणिवेची अडचण, एवढं लिहून दिलं. आता तुम्ही विचारताय की नेमकी कुठली टेस्ट करायची, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला न्यायला लागेल काय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी, बावीस वर्षं हेच काम करते, बेळगावात सेंटरवर आणि महिन्यातून काही दिवस खानापूर, नंदगड, निपाणीकडं घरी जाऊन. तुमच्या मुलीला मी बघितलेलं नाही, तिला डाऊन सिंड्रोम आहे का, कधी फिट आली होती का, जन्मल्यावर लगेच रडली का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि या तिन्हींवर बरंच अवलंबून असतं. म्हणून खाली जे लिहितेय ते निदान समजू नका, आम्ही कसं बघतो आणि तुम्ही घरी काय बघू शकता एवढंच सांगतेय.

टेस्टचं नाव नंतर ठरवू. 'जिना उतरता येत नाही' हे वाक्य माझ्या दृष्टीनं अर्धंच आहे, कारण तेच वाक्य चार वेगवेगळ्या मुलांबद्दल खरं असू शकतं आणि चौघांचं कारण वेगळं. एकाला पायरीची कड दिसत नाही, दुसऱ्याच्या मांडीत एका पायावर अंग तोलून हळू खाली यायची ताकद नाही, तिसऱ्याला पाय जमिनीवरून सुटला की जीव जातो असं वाटतं, आणि चौथ्याला कोणीतरी कायम कडेवरच उतरवलंय, त्याला कधी करायलाच मिळालं नाही. कागदावर चौघांनाही 'पुअर' लिहिलं तर थेरपी कशाची करायची?

निपाणीकडचा एक मुलगा आठवतो, आठ वर्षांचा. रिपोर्टमध्ये बॅलन्स खराब म्हणून लिहिलेलं आणि घरचे वर्षभर त्याला एका पायावर उभं करायचा व्यायाम करून घेत होते. मी त्याच्या घरच्या जिन्यावर खालून तिसऱ्या पायरीवर गुडघे टेकून बसले आणि नुसतं बघत राहिले. पाय पुढं यायचा, अंगठ्यानं पायरीची कड चाचपायचा, परत मागं जायचा. मान एका बाजूला कलती करून खाली बघायचा. जिना सिमेंटचा, सगळ्या पायऱ्या एकाच राखाडी रंगाच्या. मी त्याच्या बहिणीकडनं खडू मागून घेतला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला जाड पांढरी रेघ ओढली. कठडा धरून पोरगा खालपर्यंत आला, रडला नाही. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मोठा मायनस नंबर निघाला. म्हणजे वर्षभर घरच्यांनी मनापासून मेहनत केली ती नको त्या गोष्टीवर, आणि त्या आईच्या चेहऱ्यावर ते कळल्यावर जे आलं ते मी विसरले नाही.

म्हणून माझा नियम असा की आधी डोळे आणि कान, मग बाकी सगळं. सेन्सरी असेसमेंट म्हटलं की लोकांना झोपाळे, बॉलपिट आठवतात, पण सेन्सरीची सुरुवात दिसतं का आणि ऐकू येतं का इथनंच होते. मुलगी अक्षरं वाचत नाही म्हणून डोळे तपासता येत नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, थेंब घालून यंत्राच्या उजेडानं नंबर काढता येतो, मुलानं एक शब्द बोलायची गरज नसते. कानाचंही तसंच, बेरा टेस्ट, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू दाद देतात का ते यंत्रानं बघणं, झोपेत होते. कानात मळ घट्ट बसलाय किंवा पडद्यामागं पाणी साठलंय एवढ्यानंही मूल हाकेला वळत नाही, आणि मग आपण 'समजत नाही' म्हणतो. डाऊन सिंड्रोम असेल तर कानाची नळीच अरुंद असते, शिवाय थायरॉइड बिघडायचं प्रमाण जास्त, आणि थायरॉइड कमी पडला की मूल ढिलं, सुस्त होतं, ते पण मोटरच्या खात्यात जमा होतं. तेव्हा वर्षातून एकदा रक्त तपासा.

डाऊन असेल तर आणखी एक, हे महत्त्वाचं. काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. अशा मुलाला कोलांट्या मारायला लावणं, मानेवर जोर येईल असे व्यायाम करून घेणं धोक्याचं. चाल अचानक बदलली, मान वाकडी धरायला लागली, आलेला लघवीचा कंट्रोल गेला, यातलं काही दिसलं तर थेरपी बंद आणि थेट डॉक्टर. आणि डाऊन असो नसो, मूल आधी जे करत होतं ते करायचं सोडत असेल, उदाहरणार्थ मागच्या वर्षी धावायची आणि आता चालताना पडते, तर असेसमेंटची वाट बघू नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. बौद्धिक अक्षमतेत मूल हळू शिकतं, शिकलेलं सहसा विसरत नाही.

डोळे-कान झाले की भाषा. आपल्या भागात हा विषय मोठा आहे आणि कुणी बोलत नाही. घरी मराठी, शाळा मराठी, आणि कॅम्पला तपासणारी माणसं कन्नड. मुलीला 'जिगी' म्हटलं तर ती तोंडाकडं बघत उभी राहणार, 'उडी मार' म्हटलं तर मारणार. कागदावर मात्र 'उडी मारता येत नाही' असं जातं. हे एकाच बाजूनं होतं असं नव्हे. हुक्केरीकडच्या एका कन्नड मुलीला मी सुरुवातीच्या वर्षांत मराठीतून सूचना देऊन तपासलं आणि सूचना पाळत नाही असं लिहून मोकळी झाले, चूक माझी होती, दुसऱ्या खेपेला तिच्या आज्जीला बरोबर बसवलं तर पोरीनं अर्ध्याहून जास्त गोष्टी करून दाखवल्या. तेव्हापासून मोटर तपासताना मी तोंड कमी चालवते, आधी स्वतः करून दाखवते. आपण उडी मारायची आणि हातानं खूण करायची, 'आता तू'. बघून केलं तर अंगात कौशल्य आहे, फक्त शब्द पोचला नव्हता. आणि घरात जे बोलता तेच बोलायचं. तुमच्याकडं 'काय करुलालास' म्हणत असाल तर तेच, पुस्तकातलं 'तू काय करीत आहेस' तिच्यासाठी तिसरी भाषाच की. बिने-कामत ही बुद्धिमापनाची टेस्ट अजून सगळीकडं वापरतात, ती कामतांनी १९३४ साली मांडली तीच मुळी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी. इतक्या आधी त्या माणसाला कळलं होतं की इथल्या पोरांना दोन्ही भाषांतून विचारायला लागतं, आणि आपण आज दहा मिनिटांत एकाच भाषेत उरकतो.

आता अंग. मी मुलाला टेबलावर नेत नाही, खाली सतरंजीवर घेते. मांडी घालून बसल्यावर पाठ ताठ राहते की हातावर टेकते, जमिनीवरनं उठताना कशाचा आधार घेते, उकिडवी बसून परत उभी राहते का, हात धरून उभं केल्यावर सांधे जास्तच वाकतात का, दोन्ही बाजू सारख्या वापरते का एक हात कायम मागं राहतो, टाचा टेकतात का चवड्यावर चालते. एक बाजू स्पष्ट कमी वापरत असेल किंवा स्नायू कडक लागत असतील तर तो बौद्धिक अक्षमतेचा भाग म्हणून सोडायचं नाही, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळं हालचालीत येणारा दोष, आहे का ते बघायला लागतं.

वयाची तुलना करताना जरा जपून. साधारणपणे मुलं चौथ्या वर्षाच्या आसपास एक पायरी एक पाय करत उतरतात, चार-पाचला बटण लावतात, एका पायावर उड्या मारतात, तीनला गोल आणि चारला अधिकचं चिन्ह बघून काढतात. तुमची मुलगी सात वर्षांची आहे म्हणून सातच्या मुलांशी मापू नका, ती या शिडीवर आत्ता कुठल्या पायरीवर उभी आहे ते बघा, कारण क्रम बहुतेक तोच असतो, वेळ जास्त लागतो. जी मुलगी अजून दोन्ही पाय एका पायरीवर आणून उतरते तिला एकदम एक आड एक पाय टाकायला लावलं तर ती घाबरणार.

भारतात मतिमंद मुलांच्या शाळांत जे वापरतात ते मला मोटरच्या परदेशी टेस्टपेक्षा जास्त उपयोगी वाटतं. परदेशी टेस्ट चांगल्या आहेत, पण त्यांची तुलना तिकडच्या मुलांशी असते आणि सूचना इतक्या बारीक की बुद्धीची परीक्षा आधी होते, हातापायाची नंतर. आपल्याकडं सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत, म्हणजे १९८४ साली सुरू झालेली मानसिक विकलांगांची संस्था, आज तिलाच नाईपिड म्हणतात, तिथं रीटा पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये बेसिक-एमआर नावाचं स्केल तयार केलं. त्यात कौशल्यांचे ७ भाग, प्रत्येकी ४० आयटम, एकूण २८०, आणि पहिलाच भाग मोटरचा. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मार्क द्यायची पद्धत. जमतं की नाही असं विचारतच नाही. स्वतःच्या स्वतः केलं तर ५, नुसत्या खुणेनं केलं तर ४, तोंडानं सांगून केलं तर ३, हात धरून करून घ्यायला लागलं तर २, सगळं दुसऱ्यानंच केलं तर १, आणि त्या मुलाला लागूच होत नसेल तर ०.

यानं काय फरक पडतो ते बटणावर सांगते. बटण लावणं म्हणजे एक काम नव्हे, पाच कामं आहेत. काज शोधायचं, बटण दोन बोटांत धरायचं, काजात अर्धं ढकलायचं, दुसऱ्या हातानं पलीकडनं पकडायचं, ओढायचं. तुम्ही 'बटण येत नाही' म्हणताय तेव्हा यातल्या कितव्यावर थांबते ते बघा. मी एका मुलीला मणी ओवायला दिले तर तिनं दोन मिनिटांत सगळे सतरंजीवर पांगवले, सेंटरवर सगळ्यांनी फाइन मोटर, म्हणजे बोटांची बारीक कामं, नाही म्हणून मान हलवली. घरी गेले तेव्हा तीच मुलगी आज्जीशेजारी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती, अंगठा आणि पहिल्या बोटानं शेंगेची शीर ओढायची, दाणा वाटीत, साल बाजूला, एकही दाणा खाली नाही. म्हणजे चिमूट होती, दोन्ही हात मिळून काम करत होते, क्रम पण लक्षात होता. मण्याचं काम तिच्यासाठी कुणाचंच नव्हतं, शेंगांचं काम आज्जीचं होतं. मग बटण कुठं अडलं? छातीवरचं बटण तिला दिसतच नव्हतं, मान खाली घातली की तोल जायचा. मांडीवर शर्ट ठेवून मोठं बटण दिलं, शेवटची ओढ फक्त तिनं घ्यायची असं सुरू केलं, बाकीचं मी, मग हळूहळू एकेक पायरी मागं. तीन महिन्यांत ती २ वरून ४ वर आली. 'येतं / येत नाही' एवढंच लिहिलं असतं तर तीन महिन्यांनंतर पण 'येत नाही'च राहिलं असतं आणि आईनं नाद सोडला असता.

फणीचं जरा सावकाश सांगते कारण 'सेन्सरी इश्यू' हा शब्द हल्ली फार पटकन लिहिला जातो. पहिलं, डोकं बघा. उवा, फोड, कोंडा, गुंता, कानामागं दुखणं. हे हसण्यावारी नेऊ नका, जी मुलगी 'दुखतंय' म्हणून सांगू शकत नाही ती रडूनच सांगणार. दुसरं, फणी कोण लावतं आणि कधी, शाळेची बस यायच्या आधी घाईत मागनं येऊन ओढली तर माझ्याही अंगावर येईल. हे सगळं नसेल तर मग स्पर्शाचा विचार करायचा. काही मुलांना हलका, न सांगता आलेला स्पर्श नकोसा होतो पण घट्ट दाब आवडतो. ते ओळखायचं कसं, तर नखं काढताना, तेल लावताना, तोंड पुसताना, नवीन कपड्याचं लेबल मानेला लागताना पण असंच होतं का बघा. फक्त फणीलाच होत असेल तर ती फणीची अडचण, सगळीकडं होत असेल तर स्पर्शाची. मग दोन्ही तळहातांनी डोक्यावर घट्ट दाबून, आरशासमोर बसवून, तिला दिसेल अशी फणी आणून, मोठ्यानं दहापर्यंत मोजून दहाव्याला थांबायचं. दहाव्याला थांबायचंच, गुंता राहिला तरी, कारण संपतं हे तिला कळायला हवं.

उलट बाजू पण असते. काही मुलं स्पर्शाला, दुखण्याला कमी दाद देतात, चटका बसला तरी हात मागं घेत नाहीत, तोंडात घास कोंबतात, भिंतीवर अंग आपटतात. अशा मुलांच्या अंगावर जखमा आहेत का ते रोज अंघोळीच्या वेळी बघावं लागतं. आणि सेन्सरी म्हणजे पाच इंद्रियंच नव्हेत, तोल सांभाळणारा आतला कान आणि सांधे-स्नायूंची स्वतःची जाणीव ही दोन्ही धरतात. तुमच्या जिन्याचा संबंध इथं येऊ शकतो. झोपाळ्यावर बसवलं, उचलून घेतलं, पाठीवर आडवं करून केस धुतले की पण घाबरते का? घाबरत असेल तर तिला पाय जमिनीवरनं सुटायचीच भीती आहे. झोपाळा आवडतो पण जिना नको, तर मी परत डोळ्यांकडं वळेन, किंवा मांडीच्या ताकदीकडं.

सेन्सरी प्रोफाइल नावाची जी प्रश्नावली अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट विनी डन यांची आहे ती आईवडिलांना विचारून भरतात, तिचा उपयोग आहे पण ती मूल न बघता भरलेली असते हे लक्षात ठेवा, आणि त्यातले काही प्रश्न आपल्या घरांना बसत नाहीत. तिच्या स्कोअरवर कोणी महागडं सहा महिन्यांचं पॅकेज सांगत असेल तर विचारा, यानं माझी मुलगी घरात कुठलं काम स्वतः करायला लागेल? नीट उत्तर आलं नाही तर पैसे ठेवा जवळ.

आणखी एक, हे आपल्याकडच्यांनाच कळेल. तपासणी कुठल्या महिन्यात झाली ते कागदावर लिहून ठेवा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जूनपासून चार महिने अंगणात शेवाळ, पोरांना घराबाहेर सोडत नाहीत, अशा मुलाला ऑगस्टमध्ये तपासलं की चालायची सवय सुटलेली असते आणि तेच मूल फेब्रुवारीत शेतात बांधावरून चालत असतं. मी दोन-तीन वेळा बघितल्याशिवाय मोटरवर शेवटचं मत देत नाही. फिटचं औषध चालू असेल तर डोस घेऊन गुंगीत असताना तपासू नका, भुकेल्या पोटी तर अजिबात नको.

पुण्या-मुंबईला जायची गरज मला तरी आत्ता वाटत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत तपासायला टीम येते आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायची सोय त्यात आहे, शाळेत हेडबाईंना विचारा. दिव्यांग सर्टिफिकेट हा वेगळा विषय, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातली बौद्धिक अक्षमता आयक्यू आणि सामाजिक परिपक्वतेच्या स्केलवर ठरते, ज्याचं भारतीय रूप नागपूरच्या मॅलिन यांनी केलं. मी वर जे सांगितलं ते असेसमेंट सर्टिफिकेटचा टक्का वाढवायला नसतं, सोमवारी सकाळी घरात काय करायचं ते कळायला असतं. दोन्ही कागद वेगळ्या फाईलीत ठेवा.

तर आत्ता एवढं करा: डोळे आणि कान तपासून घ्या, तोवर जिन्याच्या कडांना खडूची रेघ ओढून बघा, कठडा नसेल तर स्वतः एक पायरी खाली उभे राहून. आणि थेरपिस्टकडं जाताना मोबाईलवर तीन व्हिडिओ घेऊन जा, जिना उतरतानाचा, बटणाचा आणि फणीचा. जिन्याचा खालून काढा, पाय आणि चेहरा दोन्ही दिसायला हवेत, चप्पल काढून. बटणाचा काढताना कुणी मदत करायची नाही, हातांवर कॅमेरा ठेवून दोन मिनिटं गप्प बसायचं, नुसती झटते का सोडून देते तेही कळतं. फणीचा सगळ्यात शेवटी, एकदाच काढा, आणि रडायला लागली की मोबाईल खाली ठेवून तिला जवळ घ्या, तेवढा अर्धा मिनिट आम्हाला पुरतो.